फलकावरची भुवई

गुरु. ६ नोव्हेंबर

पाणी नाही. जिन्याखालच्या फलकावर मी सोमवारपासून लिहिलं होतं, 'बुधवारी भरून ठेवावे, नंतरची तक्रार चालणार नाही.' तरी दुसऱ्या मजल्यावरच्या गोडबोलेबाई सकाळी बादली घेऊन दारात. अर्धी बादली दिली, वर उपदेशही दिला.

कालच्या सोसायटीच्या सभेचा राग अजून आहे. विषय जिन्यातल्या चपलांचा. मी म्हटलं, "आपला जिना चढताना वाटतं, या इमारतीत माणसं कमी आणि पाय जास्त राहतात." सगळे हसले. वकील करंदीकरसुद्धा, ते एरवी वर्षातून एकदा हसतात. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या साळवेबाई शेवटच्या खुर्चीत ताठ बसून होत्या. एक भुवई वर. ओठाचा एक कोपरा ओढलेला. शाळा तपासायला साहेब यावेत तसा चेहरा. "साळवेबाई, तुमचं काय मत?" विचारलं, तर नुसता पंजा हलवला, नको. आणि सभा संपायच्या आधी उठून वर.

जूनमध्ये राहायला आल्या तेव्हा मीच आधी पेढे घेऊन वर गेले होते. गोडबोलेबाई तेव्हा कुजबुजल्या, "बुद्धमूर्ती आहे हो दर्शनी." मी तिथल्या तिथे झापलं होतं. मी असलं काही मानत नाही. पण पाटबंधारे खात्यात मोठ्या साहेब होत्या, खडकवासल्याला बंगला होता, म्हणून इथे जिन्यात भेटल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही? ऑफिस संपलं, बाई. आता सगळे निवृत्त.

यांना सांगितलं. हे पेपरात. "हं."

दुपारी डिक्शनरी काढली. हवा होता तो शब्द मिळाला.


शुक्र. ७ नोव्हेंबर

आजचा फलक इथे उतरवून ठेवते, कारण बऱ्याच दिवसांत इतका जमला नव्हता.

'आजचा शब्द: सुपरसिलिअस. विशेषण. स्पेलिंग: एस यू पी ई आर, सी आय, एल आय, ओ यू एस. एल एकच; दोन लिहिणारे नापास. अर्थ: दुसऱ्याला तुच्छ लेखणारा. मूळ: लॅटिन सुपरसिलिअम, म्हणजे भुवई. एक भुवई उंचावून जगाकडे बघणारा, तो. वाक्य: तिसऱ्या मजल्यावरून सगळेच बुटके दिसतात, त्या नजरेला सुपरसिलिअस म्हणावे. — सचिव.'

समोरच्या अभ्यासिकेतली स्पर्धापरीक्षेची मुलं रोजच्यासारखी फोटो काढायला आली. आज जरा जास्तच वेळ थांबली. "काकू, कसलं भारी! स्टेटसला टाकतो." टाका म्हटलं. बी.ए.ला इंग्रजी घेतलं ते काहीतरी उपयोगाला येतंय.

हे मंडईतून आले, जिन्याखाली थांबून फलक वाचला, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. चष्मा पुसत बसले.


शनि. ८ नोव्हेंबर

फोटो फिरतोय. ठाण्याच्या वहिनींनी मलाच पाठवला, 'तुमच्या पुण्यात असंच! बघ कोणी लिहिलंय!' मीच लिहिलंय म्हटल्यावर हसणारे चेहरे ओळभर.

गोडबोलेबाई दूध घेताना म्हणाल्या, "छान झोडलंत हो. अगदी भुवईसकट!" आणि डोळा मारला. 'भुवईसकट' का, ते कळलं नाही. भुवई शब्दाच्या मुळातच आहे. कौतुक म्हणून घेतलं.

तिसऱ्या मजल्याचं दार दिवसभर बंद. लागलं असेल. लागावंच.


रवि. ९ नोव्हेंबर

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

सकाळी चहाला हे म्हणाले, "ते पुसलंस का?"

"का पुसू? उद्या नवीन शब्द येईल तेव्हा पुसलं जाईल."

"वसु, तुझे टोमणे मी चाळीस वर्षं ऐकतोय. बरेचसे मला लागू होते. पण आजारावर लिहू नये."

"कसला आजार?"

यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. "तुला खरंच माहीत नाही?"

साळवेबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू गेलेली आहे. इथे यायच्या आधीपासून. एका सकाळी उठल्या तर अर्धा चेहरा हलेना. बाकीच्यांचा बरा होतो म्हणे, साळवेबाईंचा पुरता झाला नाही. डावी भुवई हलत नाही, म्हणून उजवी एकटीच वर जाते. हसल्या तरी अर्ध्याच हसतात.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांच्या मुलीनं. जूनमध्ये. मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू पाण्याची सूचना लिहीत होतीस. 'हो का' म्हणालीस."

मी म्हणाले असेन. मी यांचं ऐकताना नेहमी 'हो का' म्हणते.

मग हे म्हणाले ते सगळ्यात वाईट. "सगळ्यांना ठाऊक आहे गं. मला वाटलं तुलाही ठाऊक आहे, आणि तरी तू…" वाक्य पुरं केलं नाही. म्हणजे शुक्रवारपासून हे माझ्याविषयी असं समजून माझ्या हातचं जेवत होते. गोडबोलेबाईंचा डोळा मारणं आत्ता कळलं. सगळी इमारत समजतेय, मी शब्दाचं मूळ शोधून शोधून त्या बाईंच्या आजारी भुवईवर बोट ठेवलं.

तशीच खाली गेले. ओल्या फडक्याने फलक पुसला. सोसायटीच्या सूचनाही पुसल्या गेल्या, त्याचं भान नंतर आलं.


सोम. १० नोव्हेंबर

फलक कोरा. मुलं आली. "काकू, आज शब्द?" नाही म्हटलं. शुक्रवारचा फोटो काढून टाका, असंही म्हटलं. एकमेकांकडे बघून म्हणाली, "काकू, तो आता आमच्याकडे राहिलाय कुठे?"

वहिनींनाही कळवलं, पुढे पाठवू नका. उत्तर: पुन्हा हसणारे चेहरे, आणि 'अगं, आमच्या भिशीत सगळ्यांना आवडला!'

दिवसभर एकच चाललंय डोक्यात. लोकांना सांगावं का, की मला माहीत नव्हतं? म्हणजे मी दुष्ट नाही, फक्त पाच महिने त्याच जिन्यात भेटणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, ते ठरवता येईना.

आणि पाहिलं नव्हतं असंही नाही. पाहिलं होतं. इतकं पाहिलं होतं की भुवई कोणती, ओठाचा कोपरा कोणता, सगळं लक्षात होतं. सभेत पाणी पिताना त्यांनी ओठाशी रुमाल धरला होता, तेही आठवतंय. मला तो नखरा वाटला होता.

आरशासमोर उभं राहून एकच भुवई वर करून पाहिली. येत नाही. दोन्ही जातात. यांनी दारातून पाहिलं, आणि मागे फिरले. बरं झालं.


मंगळ. ११ नोव्हेंबर

वर गेले. हातात काही नेलं नाही. आधी नारळाच्या वड्या डब्यात भरल्या होत्या, मग वाटलं, वड्यांनी काय होणार आहे, ओट्यावरच ठेवल्या.

दार त्यांनीच उघडलं. मुलगी कामावर. डाव्या डोळ्यावर औषधाचं चकचकीत पाणी. तो डोळा पुरता मिटत नाही, हे आज दिसलं. आज दिसलं!

"या," म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

मी पाठ करून गेले होते. माहीत नव्हतं, कल्पना नव्हती, फार वाईट वाटतंय. सगळं एका दमात म्हटलं. त्या ऐकत होत्या. मधे एकदा डोळा टिपला, पण ते रडणं नव्हतं, तो सारखाच टिपावा लागतो.

मग म्हणाल्या, "शब्द बरोबर होता. स्पेलिंगही. भुवईचं मला माहीत नव्हतं. कळलं." त्या थोडं आणि सावकाश बोलतात. 'भ' आणि 'म' म्हणताना डाव्या ओठाला खालून बोट लावतात, नाहीतर वारा निसटतो. म्हणून सभेत बोलत नाहीत. मला वाटलं होतं, आमच्याशी बोलणं कमीपणाचं वाटतं.

"मी रोज वाचायची," म्हणाल्या. "सकाळी. गर्दी नसताना."

त्यांनी पुन्हा डोळा टिपला.

"आणि त्या दिवशी सभेत मी हसले होते. तो पायांचा विनोद. चांगला होता."

त्यापेक्षा त्यांनी दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी पुन्हा म्हटलं, मला क्षमा करा. त्यावर त्या म्हणाल्या, "बाई, लिहिलंत खाली. क्षमा वर येऊन मागताय. वर फक्त मी वाचणार."

"म्हणजे फलकावर?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फलक तुमचा आहे." आणि दाराला हात लावला.

खाली येताना जिन्यात गोडबोलेबाई. "काय म्हणतायत वरच्या साहेब?" आज जिन्यात न बोलता पुढे जाणारी मी होते.


बुध. १२ नोव्हेंबर

यांनी वड्या खाल्ल्या. "कुणासाठी केल्या होत्यास?" तुमच्यासाठी म्हटलं. खोटं.

पहिल्या मजल्यावरचे करंदीकर आज दारात भेटले. नमस्कार केला, त्यांनी नेहमीप्रमाणे छताकडे पाहून मान हलवली. बारा महिने हेच. आणि त्यांच्याबद्दल मी काय म्हणते? 'मितभाषी गृहस्थ.' यांच्याजवळ, वहिनींजवळ, कित्येकदा म्हटलंय. साळवेबाई पाच महिने न बोलता गेल्या, तर मी लॅटिनपर्यंत पोचले. करंदीकरांचा चेहरा तर दोन्ही बाजूंनी ठणठणीत आहे.

एकाला मितभाषी, दुसरीला आढ्यतेखोर. का? शब्दांची मुळं मी रोज लोकांना सांगते. या शब्दाचं माझ्यातलं मूळ कुठे आहे ते मला…

दुपारी गोडबोलेबाई येऊन बसल्या. "एवढं काय मनाला लावून घेता? त्या लोकांना अशी सवय असते, मनावर नसतात घेत." जूनमध्ये मी गोडबोलेबाईंना झापलं होतं. आज झापलं नाही. झापायला तोंड कुठलं? पेढे घेऊन मी वर गेले होते हे खरं, पण परत खाली येऊन यांना काय म्हणाले होते, तेही आज आठवतंय. 'घर मात्र छान स्वच्छ ठेवलंय हो.' 'मात्र.' करंदीकरांच्या घराबद्दल कधी 'मात्र' म्हटलं नाही.

गोडबोलेबाईंना चहा दिला. एवढंच. गेल्यावर वाटलं, निदान एक वाक्य बोलायला हवं होतं. फलकावर टोमणे लिहिणारी बाई, समोर माणूस बसला की गप्प.


गुरु. १३ नोव्हेंबर

पाणी नाही. फलकावर सूचना नव्हती, त्यामुळे निम्म्या इमारतीत पाणी नाही. तक्रार कोणी केली नाही. घाबरतात की काय मला?

फलकाचा मजकूर जुळेना. अडचण अशी: आजाराचं माहीत नव्हतं असं लिहिलं तर त्यांचा आजार मीच जगजाहीर करणार. मुलं फोटो काढणार, तो ठाण्याच्या भिशीपर्यंत जाणार. त्यांचं नाव घालायचं नाही. मजला घालायचा नाही. तरी त्यांना कळलं पाहिजे, आणि बाकीच्यांनाही कळलं पाहिजे. मंगळवारपासून पाठकोऱ्या कागदांवर खरडतेय.

शेवटी यांना दाखवलं. 'गेल्या शुक्रवारचा शब्द बरोबर होता, परंतु…' इथेच यांनी थांबवलं.

"पहिलं वाक्य खोड."

"का? खरं आहे ते. त्यासुद्धा म्हणाल्या."

"त्यांनी म्हणावं. माफीत आपणच आपल्याला मार्क देऊ नयेत."

खोडलं. पुढे 'गैरसमजातून' असं होतं, त्यावर यांनी पेन्सिल टेकवली. "गैरसमज म्हणजे दोघांचा असतो. हा तुझ्या एकटीचा आहे." तेही खोडलं. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे मी स्वतःच खोडलं. परीक्षा विभागात नोकरीला होते तेव्हा अशी वाक्यं मी पत्रांत ढिगाने टाईप केली आहेत, त्यांची किंमत मला माहीत आहे.

उरलं ते फारच थोडं. यांना म्हटलं, "एवढंसंच?"

"एवढंच होतं," हे म्हणाले. मग जरा थांबून, "मीही जूनमध्ये एकदाच सांगून गप्प बसलो. शुक्रवारी वाचूनही गप्प. रविवारपर्यंत."




शुक्र. १४ नोव्हेंबर

दूधवाला यायच्या आधी खाली गेले. लिहिलं ते असं:

'गेल्या शुक्रवारी या फलकावर मी एका रहिवाशांविषयी वाक्य लिहिले. मी त्यांना नीट पाहिले नव्हते. न पाहता ठरवले आणि लिहिले. ते वाक्य खोटे होते. त्यांची क्षमा मागते.'

खाली 'सचिव' लिहायला हात गेला. पुसून पूर्ण नाव लिहिलं, वसुधा केळकर. सोसायटीने माफी मागायचं कारण नाही.

अक्षर वाकडं आलं. पुन्हा लिहावं असं वाटलं, मग राहू दिलं.

मुलं आली. मजकूर वाचला. फोन हातात, पण काढावा की नाही कळेना. मी म्हटलं, "काढा. तो फिरवलात, हाही फिरवा." त्यांतली एक मुलगी म्हणाली, "काकू, हा नाही फिरत." तरी तिने काढला.

करंदीकर फलकापुढे थांबले, छताकडे न बघता फलकाकडे बघत. माझ्याकडे वळून मान हलवली आणि गेले. मितभाषी की काय, ते आता मी ठरवणार नाही.

गोडबोलेबाई: "अहो, नाव कशाला घातलंत? आणि खोटं कुठे होतं? एक भुवई वर असतेच की त्यांची!"

आज मात्र बोलले. "असते. तिच्याकडे बघून हसू आलं तुम्हाला, आणि मी ते हसू मिळावं म्हणून लिहिलं. पुन्हा माझ्यासमोर तो विषय नको. आणि 'ते लोक' हा शब्दही नको." बाई लाल झाल्या. दार लावून घेतलं. उद्यापासून दुधाच्या वेळी एकटीच.

बोलल्याचा आनंद झाला नाही. उशीर झालेल्या कामाचा होत नाही.


शनि. १५ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्याचं दार बंदच. वरून पावलं ऐकू आली की कान तिकडे. कुकर ऐकू येतो. रेडिओ.

संध्याकाळी त्यांची मुलगी स्कूटर लावत होती. मी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?" तरुण मुली बोलतात तशी भराभर म्हणाली, "ॲक्च्युअली आई आठवडाभर खालीच नाही आली, आंटी. वॉकही बंद. एवढ्या मुश्किलीने सुरू केला होता तिने. आधीच्या घरी तर वर्षभर बाहेर पडायची नाही." 'आंटी' मला आवडत नाही. आज चालून गेलं.

"फलक वाचला का त्यांनी?"

"मी फोटो दाखवला. झूम करून बघितला."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही." मग जिन्याची पायरी चढता चढता वळली. "म्हणाली, अक्षर वाकडं आलंय."

म्हणजे नेहमीचं अक्षर त्यांना ओळखता येतं. रोज वाचायच्या. गर्दी नसताना, सकाळी, घर सोडायची हिंमत करून, तीन मजले उतरून. चालायला जाण्याआधीची त्यांची पहिली जागा माझा फळा होता.

जेवण गेलं नाही. यांनी ताट उचललं.


सोम. १७ नोव्हेंबर

सकाळी पाण्याची सूचना लिहायला खाली गेले. क्षमेचा मजकूर अजून तसाच, पुसवत नाही. पुसला तर लपवल्यासारखं, ठेवला तर मिरवल्यासारखं. वरच्या अर्ध्यात लिहीत होते, 'बुधवारी भरून ठेवावे.' 'तक्रार चालणार नाही' या वेळी घातलं नाही.

मागे पावलांचा आवाज. साळवेबाई. पायांत बूट, अंगावर शाल, डोळ्यांवर मोठा गॉगल. चालायला निघाल्या होत्या की फक्त खाली आल्या होत्या, कळलं नाही. मी बाजूला झाले. त्यांनी गॉगल काढला आणि फलक वाचला. सावकाश. फोटोत वाचला होताच, तरी पुन्हा. मी खडू हातात धरून उभी, शाळेत बाकावर उभं केल्यासारखी.

"आजचा शब्द नाही," त्या म्हणाल्या.

"शब्द बंद केलाय."

"का? मुलांनी काय केलंय?"

"मला आता धीर होत नाही."

डाव्या ओठाला बोट लावून त्या म्हणाल्या, "काही दिवस विशेषणं नकोत. नामं लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. उजवी भुवई वर गेली होती. ओठाचा उजवा कोपराही. हसल्या असतील. किंवा मला माझी पायरी दाखवली असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. दोन्हींना त्यांच्याकडे चेहरा एकच. सभेच्या दिवशी मला एका क्षणात खात्री होती. आज त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, उजेड चांगला होता, चष्मा डोळ्यांवर होता, आणि मला काही सांगता येईना.

विचारता आलं असतं. "हसलात का?" एवढंच. विचारलं नाही. त्यांनी गॉगल लावला. बाहेर गेल्या की वर, हेही मी वळून पाहिलं नाही. पाहणं बरोबर की चूक, ते ठरेपर्यंत पावलं थांबली होती.

खालचा मजकूर पुसला. उद्यासाठी एक नाम हवं. डिक्शनरी उघडून बसले आहे. 'ए'पासून सुरू केलंय, अजून एकही धड…